निळा दोरा

शहाद्याच्या जुन्या बाजारात वहाबभाईंच्या दुकानावर पत्र्याचा एक बोर्ड होता. वर "वहाब रेडिओ" आणि खाली लाल अक्षरांत "लागत नाही ते विकत नाही". ही दुसरी ओळ वाचून लोक हसायचे, पण आत पाऊल टाकलं की हसू मावळायचं, कारण वहाबभाई ती खरोखर पाळायचे. कुणी नवा स्पीकर मागितला तर आधी जुना घेऊन ये म्हणायचे. जुना आणला की त्याची तुटकी वायर दोन मिनिटांत जोडून द्यायचे आणि मग पंधरा मिनिटं गिऱ्हाइकाला झापायचे, की वायर तुटली म्हणून स्पीकर फेकतोस, उद्या बटण तुटलं तर सदरा फेकशील का? माणूस चिडका, पण हाताला गुण होता. चाळीस वर्षं त्यांनी रेडिओ, टेप, लग्नातले भोंगे दुरुस्त केले आणि चाळीस वर्षं एकाच जातीच्या लोकांवर दात खाल्ले: गिऱ्हाइकाला खरं काय ते न सांगता त्याच्या गळ्यात माल मारणारे.

अशा लोकांपैकी एक तर अगदी समोरच बसायचा. कलीम, वहाबभाईंच्या चुलत भावाचा मुलगा. काचेचं दार, आत निळे-जांभळे दिवे, भिंतभर मोबाईलची कव्हरं, आणि गेल्या दोन वर्षांत गेम खेळणाऱ्यांसाठीचा माल. कानाला लावायचा हेडफोन, पण त्यालाही दिवे. कानावरचे दिवे स्वतःला दिसतात का, हा प्रश्न वहाबभाईंनी कलीमला इतक्यांदा विचारला होता की तो आता नुसता हसायचा. त्या हसण्याने वहाबभाईंचं डोकं आणखी फिरायचं.

मागच्या जानेवारीत एका गुरुवारी कळसाडीची मोहिनी दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. हेमकांत पाटलांची पोरगी, लोणखेड्याला कॉलेजात शिकणारी. तिने मोबाईलवर एक फोटो पुढे केला.

"वहाबकाका, हाई मशीन भंगारमा कितलामा लेशात?"

वहाबभाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. फोटोत काळा, रुंद, जड रिसीव्हर होता. टीव्हीचा आवाज पाच स्पीकरना पुरवणारा. समोरच्या अंगाला कुंकवाचं स्वस्तिक, वर क्रोशाचा रुमाल. अकरा वर्षांपूर्वी हेमकांतच्या घरात तो त्यांनी स्वतः बसवला होता. पाचही स्पीकरच्या वायरी पट्टीत घालून भिंतीला अशा चिकटवल्या होत्या की पाहुणे विचारायचे, आवाज येतो कुठून?

"हाई भंगार शे म्हनीसन कोनी सांगं तुले?" त्यांचा आवाज चढायला लागला होता.

मोहिनीने सांगितलं ते असं. कॉलेजातल्या चार मुलींचा गेम खेळणारा संघ होता आणि रविवारी त्यातल्या एका जागेसाठी निवड होती. गेम बंदुकीचा. शत्रू मागून येतो तेव्हा त्याचं पाऊल आधी ऐकू यावं लागतं, डावीकडून की उजवीकडून ते कळावं लागतं. घरी टीव्हीला जोडलेलं जुनं गेमचं मशीन होतं. पण मोठा आवाज केला की वडील ओरडतात आणि लहान केला की पाऊल ऐकू येत नाही. वडिलांनी दोन हजार दिले होते, वर एक पैसा नाही, आणि रविवारी निवड झाली नाही तर हा खेळ बंद. कलीमने तिला साडेपाच हजारांचा दिव्यांचा हेडफोन दाखवला होता. टीव्हीच्या आवाजात तो नीट वाजणार नाही म्हणून वर साडेतीन हजारांचा वेगळा अॅम्प्लिफायर. घरी रिसीव्हर आहे, त्याला हेडफोनचं भोक आहे, असं तिने सांगून पाहिलं. पण तिथे मैत्रिणीच्या हेडफोनची पिन अर्धीच जात होती. कलीम म्हणाला, भोक मेलं म्हणजे मशीन मेलं. वहाबचाचांना भंगारात दे, पाचशे येतील, तेवढीच भर.

झालं. वहाबभाई सोल्डरची कांडी टेबलावर टाकून उठले, रस्ता ओलांडला आणि काचेचं दार ढकललं. मागून मोहिनी.

"कलीम, बच्ची के घर में सौ वॉट का अॅम्प्लिफायर पडा है, और तू उसको डिबिया बेच रहा है?"

"चाचा, उसका सॉकेट डेड है."

"तूने देखा?"

कलीमने पाहिला नव्हता. कळसाडी शहाद्यापासून चार पावलांवर, पण तिथे जाऊन बघायची तसदी कोण घेणार? उचलली जीभ लावली टाळ्याला. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती, बाहेर चहावाला थांबला होता. त्या सगळ्यांदेखत वहाबभाईंनी जे बोलायचं नव्हतं ते बोलून टाकलं. दोन हजारांच्या आत, त्याच रिसीव्हरवर, या मुलीला पाऊल न् पाऊल ऐकवून दाखवतो. नाही दाखवलं तर चाळीस वर्षांचा बोर्ड उतरवतो. बाजारात बोललेला शब्द दुपारपर्यंत पानटपरीवर पोचतो. हा संध्याकाळी सालेहाच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या कानावर गेला आणि तिने कपाळावर हात मारला.

हेडफोन त्यांनी कलीमच्याच दुकानातून निवडला. अगदी खालच्या फळीवर, धूळ खात पडलेले, दिवे नसलेले, कुणी न विचारणारे खोके होते. वहाबभाई जमिनीवर मांडी घालून बसले आणि खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचू लागले. मोहिनीला समजावत होते की गुरकावत होते, ते सांगणं कठीण. रिसीव्हरच्या आत ताकद हवी तितकी असते, कानाला त्यातली चिमूटभर पुरते. म्हणून हेडफोनच्या भोकाआधी ती अडवून बारीक केलेली असते. तिथे कमी ओहमचा, म्हणजे विजेला कमी अडवणारा, हेडफोन लावला की खालचा ढुमढुम फुगतो आणि पावलासारखे बारीक आवाज त्यात बुडतात. कलीमचा दिव्यांचा हेडफोन सोळा ओहमचा. तो तिथे लावला असता तर साडेपाच हजार देऊन पोरीला नुसता ढोल ऐकू आला असता. जास्त ओहमचा घ्यायचा, कान पूर्ण झाकणारा, आणि खोक्यावर सात-आठ स्पीकरची बढाई मारलेली असेल तो खाली ठेवायचा. कान दोनच असतात.

मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला. त्यात सालेहाच्या शिलाई मशीनचा आवाज भरून ठेवलेला होता. कुठलाही स्पीकर, कुठलाही हेडफोन ते त्यावर तपासायचे. गाण्यावर सगळंच बरं वाजतं, असं त्यांचं म्हणणं. मशीन जोरात पळत असताना टाका न् टाका सुटा ऐकू आला तर माल खरा. तीन हेडफोनांत टाके एकमेकांत मिसळले. चौथ्यात सुटे आले. सतराशे रुपये, आणि पिन मोठी करायचा जोड साठ रुपयांचा. कलीमने पैसे घेतले आणि म्हणाला, "चाचा, बोर्ड उतारने को सीढी मैं दूंगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहाबभाई मोपेडवर कळसाडीला गेले. हेमकांत शेतावर, ऊसतोड सुरू होती. घरात मोहिनी आणि तिची आई मीनाबाई. मीनाबाईंचे कान फार वर्षांपूर्वी एका तापात अर्धेअधिक गेले होते. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, ते शिट्टी वाजवायचं म्हणून कपाटात पडलं. समोरच्याच्या ओठांकडे बघून त्या बोलणं ओळखायच्या. हा रिसीव्हर मुळात त्यांच्यासाठीच घेतलेला. मोठा आवाज असला की हिला मालिका ऐकू येईल, म्हणून हेमकांतने हौसेने आणला. महिनाभर घर दणाणलं, मग शेजारी बोलले, मग हेमकांतचंच डोकं दुखायला लागलं आणि आवाजाचं बटण खाली आलं ते कायमचं. मीनाबाई त्यानंतर तोंडं बघत मालिका पाहू लागल्या.

वहाबभाईंनी रुमाल बाजूला केला, हेडफोनला जोड लावला आणि पिन भोकात सरकवली. अर्ध्यावर अडली. दाबली, हलेना. बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं तर भोकात काहीतरी घट्ट बसलेलं. मेलेलं-बिलेलं काही नव्हतं, कुणीतरी बुजवलेलं होतं.

आणि मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. हे कुणा अकलेच्या कांद्याचं काम? भोक काय उंदराचं बीळ आहे बुजवायला? यंत्र ज्याने बनवलं तो मूर्ख होता म्हणून त्याने भोक ठेवलं काय? घरच्यांना विचारलं नसेल, सांगितलं नसेल, आला आणि कोंबून गेला. असल्या माणसाला बाजारात उभा करून जोडे मारले पाहिजेत. चिमटा आत घालून ते ओढत होते आणि एकेक शिवी मोजून घालत होते. चिमट्याला दोऱ्याचं टोक लागलं. ते ओढलं तसा मेणाचा काळपट गोळा सुळकन बाहेर आला आणि त्यातून बोटभर दोरा लोंबू लागला. धूळ पुसली तर निळा.

वहाबभाईंची शिवी अर्ध्यावरच राहिली.

तो दोरा सालेहाच्या मशीनवरचा होता. ते मेणही त्यांच्याच डबीतलं. होम थिएटरची नवी हवा आली तेव्हा शहाद्यात एका घरी पोराने हेडफोनच्या भोकात उदबत्तीची काडी घातली होती. काडी आत मोडली, यंत्राला वाटलं हेडफोन लावलाय, आणि ऐन सत्यनारायणाच्या दिवशी पाचही स्पीकर मुके झाले. त्या माणसाने भर बाजारात वहाबभाईंना फसवा म्हटलं. तेव्हापासून पुढची काही वर्षं जिथे जिथे रिसीव्हर बसवला, तिथे तिथे त्यांनी हे भोक मेणाने बुजवून टाकलं, आणि कधी लागलंच तर ओढून काढता यावं म्हणून आत दोरा ठेवला. याला ते पक्कं काम म्हणायचे. कुणाला सांगितलं मात्र नाही. सांगितलं की गिऱ्हाईक प्रश्न विचारतं, आणि प्रश्न विचारलेले त्यांना आवडत नसत. पुढे रिसीव्हरची लाट ओसरली आणि ते स्वतःच विसरून गेले. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ते हे.

"काय निंघनं, काका?" मोहिनीने विचारलं.

मेणाचा गोळा त्यांच्या मुठीत होता. कचरा, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पैज जिंकलेलीच होती, भोक जिवंत होतं, कलीम खोटा ठरला होता आणि बोर्ड जागच्या जागी राहिला असता. हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि मनात आलं याचाच त्यांना पुढे सगळ्यात जास्त राग आला.

पण मीनाबाई समोर बसल्या होत्या आणि त्यांची नजर वहाबभाईंच्या तोंडावर होती. इतकी वर्षं तोंडं वाचणाऱ्या बाईपासून काय लपणार?

"तो दोरा तुन्हाच शे ना, वहाबभाऊ?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच जरा मोठा, सपाट. "मी देखं व्हतं. तू कोंबी ऱ्हायनता, तैं मी आठेच बशेल व्हतू."

"मंग बोलनी काब्र नही, मीनाताई?"

"माले वाटनं, ते बंदच ठेवानं ऱ्हास."

वहाबभाईंनी मूठ उघडली, गोळा रिसीव्हरवर ठेवला आणि मोहिनीला, ओठ आईला दिसतील असं वळून, सगळं सांगितलं. काडी, सत्यनारायण, मेण, न सांगणं, सगळं. मोहिनी ऐकत गेली तशी तिच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या. शेवटी ती हेडफोन लावून बसली, गेम सुरू केला, आणि मिनिटभराने डाव्या हाताने डावीकडे बोट दाखवलं. तिकडून कुणीतरी येत होतं. पाऊल सुटं ऐकू येत होतं.

मग तिने गेम थांबवला, टीव्हीवर दुपारची मालिका लावली आणि हेडफोन उचलून आईच्या कानांवर ठेवला. आवाजाचं बटण ती हळूहळू फिरवत गेली. एका ठिकाणी मीनाबाईंचा हात वर आला, बस. पडद्यावर मालिकेतली सासू सुनेला झापत होती. मीनाबाई रोज बघायच्या ती.

"हिना आवाज इतला बारीक शे?" त्या म्हणाल्या. "मी तं घोगरा समजनती."

त्या तशाच बसून राहिल्या. मालिका संपली, जाहिराती झाल्या, दुसरी सुरू झाली. वहाबभाई जायला उठले तेव्हा मीनाबाईंनी एक कान मोकळा केला. ओरडल्या असत्या तर वहाबभाईंना बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "एक शब्द सांगना व्हता, भाऊ."

शहाद्याला परतल्यावर वहाबभाई आधी कलीमच्या दुकानात गेले. गर्दी होती, तीच त्यांना हवी होती. भोक मेलेलं नव्हतं, मी मारलेलं होतं, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. कलीमला आधी कळेना, कळलं तेव्हा तो हसला नाही, उलट त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "चाचा, जाने दो ना. किसको मालूम पडनेवाला है?"

"मेरे को मालूम पडा ना," वहाबभाई म्हणाले. "सीढी दे."

शिडीवर ते स्वतः चढले. बोर्ड उतरवून घरात सालेहाच्या मशीनमागे भिंतीला टेकवून ठेवला. असली किती भोकं बुजवलीत, असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले पंचवीस असतील, तीस असतील. शेवटचं उघडेपर्यंत बोर्ड वर जायचा नाही. सालेहाने रीळ उचलून पाहिलं आणि म्हणाली की हा दोरा तुम्ही बटण लावायला म्हणून मागून नेत होतात.

रविवारी मोहिनीची निवड झाली. ही बातमी सांगायला ती मुद्दाम आली, आणि जाताजाता तक्रार करून गेली की दुपारी हेडफोन आता तिच्या वाट्याला येतच नाही.

त्यानंतरचे दोन महिने वहाबभाई चिमटा खिशात घालून घरं हिंडले. कुणाकडे रिसीव्हर भंगारात गेलेला, कुणाकडे माळ्यावर. एका घरात सून म्हणाली, सासूला कमी ऐकू येतं म्हणून टीव्ही मोठा असतो आणि मुलांचा अभ्यास होत नाही. तिथे भोक उघडून, हेडफोन लावून, आपलीच चूक होती असं सांगून ते बाहेर पडले. प्रत्येक घरी ते आधी चूक सांगायचे आणि मग चिमटा काढायचे. काहींनी चहा पाजला. एकाने दारातूनच हाकललं, आणि त्याचा वहाबभाईंना मुळीच राग आला नाही.

मार्चच्या शेवटी ते रनाळ्याला पोचले, उखा गुरुजींच्या घरी. संध्याकाळ होत आली होती. दार निर्मलाबाईंनी उघडलं, गुरुजींच्या पत्नी.

"गुरुजी कोठे शेत?"

"गयात. दोन वरीस व्हयनात."

रिसीव्हर जागच्या जागी होता, रोज पुसलेला. वहाबभाईंनी चूक सांगितली. मग चिमट्याने मेण ओढलं. दोरा इथेही निळाच. निर्मलाबाईंनी तो हातात घेऊन पाहिला, परत केला, आणि टीव्हीच्या डाव्या बाजूला उभ्या असलेल्या उंच स्पीकरकडे बोट दाखवलं. त्याच्या जाळीवरच्या काळ्या कापडावर, स्टुलावर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, तेलकट डाग होता, तळहाताएवढा.

"घरमा नातू झोपे, म्हनीसन आवाज कमी ठेवूत. सातन्या बातम्या ऐकाले गुरुजी आठे कान लाई बसेत. मान अकडी जाये. रोज चोळी देऊ मी."

वहाबभाई त्या डागाकडे बघत राहिले.

"आते कसाले उघाडं?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"चूक मन्ही व्हती," वहाबभाई म्हणाले.

सात वाजायला आले होते. निर्मलाबाईंनी टीव्ही लावला, आवाज गुरुजी असताना असायचा तितकाच बारीक ठेवला आणि पायाने ते लाकडी स्टूल स्पीकरजवळ सरकवलं.

"बस," त्या म्हणाल्या. "कान लाय. आन ऐक."

वहाबभाई बसले. कान त्या डागावर टेकवला. बातमीदार काहीतरी सांगत होता, अर्धं कळत होतं, अर्धं नाही. पाच मिनिटांत मान भरून आली, दहा मिनिटांत खांद्यापर्यंत कळ गेली. निर्मलाबाई समोर हाताची घडी घालून उभ्या होत्या. बातम्या अर्धा तास चालल्या. त्या अर्ध्या तासात त्या ऊठ म्हणाल्या नाहीत आणि वहाबभाईही उठले नाहीत.